टिटवीला हवे होते रंगाचे पाच हात

विमानांना आणि ब्रशांनाही वाचा होती, त्या काळची गोष्ट. जुन्या विमानांपायी वेडे झालेले सोराबकाका प्रदर्शनासाठी दोन विमानं रंगवत होते. एक होतं दांडगं लढाऊ विमान बहादूर आणि दुसरी कापडी पंखांची चिमुकली टिटवी.

टिटवी नुसती धुसफुसत होती. "ब्रशदादा, बहादूरदादांना रंगाचे पाच हात आणि मला एकच? मलाही पाच हवेत!"

"जळतेस होय गं माझ्यावर?" बहादूर रुबाबात म्हणाला.

ब्रश हसला. "अगं वेडे, रंगालाही वजन असतं. दादांचं इंजिन काढलंय, ते चौथऱ्यावर उभे राहणार. तुला मात्र उद्या काका उडवणार आहेत!"

"उडवणार? मला?" टिटवी शहारली. "मग तो एक हातसुद्धा पातळच दे!"

दुसऱ्या दिवशी टिटवी भर्रकन आभाळात गेली. खालून चकचकीत बहादूर ओरडला, "टिटवे, वर वारा कसा आहे गं?"