आसरेचे रुपये

"सकाळी इसार घेताना चालले, अन् आता माझे रुपये खोटे?" डोहातली आसरा कमरेइतकी पाण्याबाहेर येऊन तानूबाई कासारणीवर डाफरली.

"सकाळी मला ठाऊक नव्हतं. बाजारातून येताना वाटेत धनगरीण भेटली, तिनं सांगितलं, दिवस मावळला की तुझ्या रुपयांची पिंपळपानं होतात. आता गल्ल्यात पानं दिसली की बाजारातला व्यापारी माझं तट्टू ओढून नेईल."

"होतात पानं, मग? माझ्या हातून जाताना रुपयेच असतात. पटत नसेल तर ने बांगड्या उतरवून!"

हातात भरलेला चुडा कुठलीही कासारीण उतरवत नाही, हे आसरेला पक्कं माहीत होतं. तिन्हीसांजेला धाकट्या बहिणीचं लग्न होतं, साती डोहांच्या बाया जमणार होत्या, म्हणून ती नटूनथटून बसली होती.

तानूबाई उठली, पदर खोचला आणि एकच वाक्य बोलली. ते ऐकून आसरेनं गळ्यातली चांदीची हसळी काढून तिच्या ओंजळीत ठेवली.

"राहू देत गं बाई बांगड्या, पण त्या मी तुझ्या इसाराच्या रुपयांनीच आणल्यात, तेव्हा दिवस मावळल्यावर वऱ्हाडात हात जरा पदराखालीच ठेव, मनगटावर पिंपळपानं दिसतील."