कुलपातली कुंभारीण

“तळसरवाडीचा दवाखाना रोज उघडतो,” आरोग्य अधिकारी निमकर साहेब दौऱ्यावर आलेल्या मंत्र्यांना छातीठोकपणे सांगत होते.

द्रौपदाबाईला ते पटेना. गेल्या महिन्यात तिची सून याच बंद दारावरून परत फिरली आणि तालुक्याच्या वाटेवर जीपमध्येच बाळंत झाली. आज दाराला ताजा रंग दिसताच तिचा संशय आणखी बळावला.

शिपायाने कुलपाला किल्ली लावली, पण ती आत जाईचना. मंत्र्यांनी वाकून पाहिलं, तर किल्लीच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं!

साहेब शिपायावर खेकसले, “बघतोस काय? हाकल तिला!”

द्रौपदाबाई आडवी आली. “तिला कशाला हाकलता, साहेब? या दवाखान्यात रोज कामाला येणारी ती एकटीच तर आहे.”