खिंडीतलं चाक

फार जुन्या काळची गोष्ट. किती जुनी ते विचारू नका. तेव्हा राजे होते, लांडगे होते आणि माणसांना हाव होती, एवढं सांगितलं की पुरे. लहानांनी कान देऊन ऐकावी आणि मोठ्यांनी जरा अंग चोरून ऐकावी, कारण ती जास्त करून मोठ्यांचीच आहे.

एका गावात एक मेंढपाळ राहत होता. त्याची स्वतःची म्हणावी अशी एकही मेंढी नव्हती. घराघरांतल्या मिळून गावाच्या शंभर मेंढ्या होत्या. खालचं गवत वाळलं की तो त्या डोंगरावर चरायला न्यायचा आणि थंडीच्या आधी मोजून परत आणायचा. बायकोही त्याच्याबरोबर असायची. दोघांनी आजवर एकही मेंढी कमी आणली नव्हती आणि तेवढ्याच गोष्टीवर गाव त्यांना मान देत होतं.

त्या वर्षी मात्र वाटेतच लांडग्याने एक मेंढी ओढून नेली. मेंढपाळाच्या काळजात धस्स झालं. लांडग्याने नेली असं सांगितलं असतं, तर गावाने ऐकून घेतलं असतं. पण मान फार मिळालेल्या माणसाला कमीपणा सोसवत नाही. एक मेंढी कुठून आणावी, याच घोरात तो पुढे चालत राहिला.

डोंगराकडची वाट एका खिंडीतून जात होती. खिंडीत एका माणसाने राहुटी ठोकली होती आणि राहुटीत एक मोठं लाकडी चाक आडवं बसवलं होतं. चाकाच्या कडेला घरं कोरलेली होती. बारा तांबडी, बारा काळी आणि एक पांढरं. चाक फिरवायचं, त्यात गोटी सोडायची आणि ती कुठल्या घरात बसते ते पाहायचं. रंग बरोबर सांगितला तर लावलं तेवढं आणखी मिळायचं. चुकला तर लावलेलं जायचं.

चाकवाला लबाड नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे तुम्ही त्याला शिव्या द्याल. त्याने मेंढपाळाला बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं आणि सगळं उघड सांगितलं.

“तांबडं आणि काळं तुमच्यासाठी. पांढरं माझ्यासाठी. गोटी पांढऱ्यात बसली तर लावलेलं माझं. माझं पोट त्यावरच चालतं. पटत नसेल तर वाट समोर आहे.”

मेंढपाळाने एक मेंढी काळ्यावर लावली. काळं आलं. गेलेल्या मेंढीच्या जागी मेंढी मिळाली आणि कळप पुन्हा शंभराचा झाला. तो तेव्हाच उठला असता तर मला सांगायला गोष्टच उरली नसती.

तो उठला नाही. चाकाकडे बघत बसला. जन्मभर त्याने मेंढ्या पाहिल्या होत्या. कळप फार वेळ एका अंगाला चरत गेला की आपसूक दुसऱ्या अंगाला वळतो, हे त्याला ठाऊक होतं. एखाद्या मेंढीला लागोपाठ नर झाले की आता मादीच होणार, असं तो छातीठोकपणे सांगायचा आणि चुकलं की विसरून जायचा. चाकही त्याला जनावरासारखंच वाटलं. तांबड्याला कंटाळलं की ते काळ्याकडे वळणारच, अशी त्याची खात्री झाली.

त्यातून त्याने एक रीत काढली. काळ्यावर एक मेंढी लावायची. गेली तर दोन लावायच्या. त्याही गेल्या तर चार, मग आठ. कधी ना कधी काळं येणारच, आणि आलं की मागचं सगळं वसूल होऊन वर एक मेंढी हाती लागणार. ही युक्ती आजवर कुणाला सुचली कशी नाही, याचंच त्याला नवल वाटत होतं.

बायकोने ऐकून घेतलं आणि विचारलं, “आन काळं आलंच न्हाई तर?”

तो हसला. चाक काय जन्मभर तांबडंच खात बसणार आहे, असं म्हणाला.

रीत चालली. रोज एक मेंढी हाती यायची. आपल्या मेंढ्या ओळखू याव्यात म्हणून तो त्यांच्या पाठीवर हळदीचं बोट ओढायचा. पाहता पाहता पिवळ्या पाठीच्या बारा मेंढ्या झाल्या. ज्याच्या बापाकडे, आज्याकडे एकही नव्हती, त्याच्याकडे बारा.

मग एका दुपारी लागोपाठ चार वेळा तांबडं आलं. रीतीप्रमाणे आता सोळा लावायच्या होत्या. त्याने लावल्या. गोटी फिरत होती तोवर त्याची पाचावर धारण बसली होती. अखेर काळं आलं. तो हसतच बाहेर आला.

“सोळा टांगणीला लावल्या, मग हाती किती आल्या?” बायकोने विचारलं.

“मागच्या समद्या आल्या. वर एक.”

“म्हंजी एकीपायी सोळाजणींच्या मानेवर सुरी धरलीत.”

तिचं म्हणणं खरं होतं, म्हणूनच तो तिच्यावर चिडला. त्या रात्री त्याने हळद काढलीच नाही आणि नजरेसमोर नको म्हणून ती तेरावी मेंढी दुसऱ्या दिवशी एका वाटसरूला धान्याच्या बदल्यात देऊन टाकली.

त्या दिवसापासून भीती त्याच्या सोबतीला राहायला आली. घास गिळवेना. कोकरू ओरडलं तरी तो दचकायचा. खिंडीतलं गवत संपत आलं होतं आणि मेंढ्यांच्या फासळ्या दिसायला लागल्या होत्या. वर चला, असं बायको रोज म्हणायची आणि उद्या जाऊ, असं तो रोज म्हणायचा. भ्यालेला माणूस पळून जातो, असं आपण समजतो. पण ही भीती त्याला चाकाकडेच ढकलत होती. डाव जिंकला की ती घटकाभर उतरायची आणि त्या घटकेसाठी तो पुन्हा राहुटीत जायचा.

मग तो दिवस उगवला.

एक मेंढी गेली. दोन गेल्या. चार लावल्या तेव्हा गोटी पांढऱ्यात बसली. पांढरं धरायचं नसतं, असं त्याने स्वतःला समजावलं आणि आठ लावल्या. तांबडं आलं. सोळा लावल्या, तांबडंच आलं. चाकवाल्याचे गडी मेंढ्या दोरीने बांधून राहुटीमागे नेत होते. तिकडून त्या ओरडायच्या आणि इकडच्या त्यांना ओ द्यायच्या. मेंढपाळाचे कान बधिर झाले होते. बत्तीस लावताना बायकोने त्याचा दंड धरला.

“धनी, उठा. उरल्या तेवढ्या घिऊन जाऊ. गावाच्या पाया पडू.”

“आता उठलो तर गेल्या त्या गेल्याच,” तो म्हणाला. “आता काळंच येनार. यायलाच पायजे.”

बुडत्याचा पाय खोलात. तांबडं आलं.

आता चौसष्ट हव्या होत्या आणि राहिल्या होत्या एकोणपन्नास. मेंढपाळाच्या तोंडचं पाणी पळालं. रीत काढताना त्याने सगळा विचार केला होता. कळप कधीतरी संपतो, एवढाच राहिला होता.

चाकवाल्याचा आवाज पहिल्या दिवसाइतकाच मऊ होता. “पंधरा कमी पडतात. हवं तर कमी पडणाऱ्या एकेका मेंढीमागे तुमचं एकेक वर्ष लावा. हरलात तर तेवढी वर्षं माझं चाक फिरवायचं. घाई नाही. नको असेल तर वाट समोर आहे.”

मेंढपाळाने वाटेकडे पाहिलंसुद्धा नाही. पंधरा वर्षं लावली.

तांबडं आलं.

बायको एकटीच गावाकडे गेली. गावाने त्यांची झोपडी घेतली, आणि नुकसान भरून निघेपर्यंत ती लोकांच्या दारी लोकर कातत राहिली. इकडे मेंढपाळ चाक फिरवू लागला. सुरुवातीला त्याने चाकातली खोट शोधली. आस चाचपला, गोटी तळहातावर तोलली, चाकाखाली आडवा होऊन पाहिलं. कुठेही खोट नव्हती. खोट सापडली असती तर त्याला रडून मोकळं होता आलं असतं.

रोज नवे लोक यायचे. प्रत्येकाची वेगळी रीत असायची. कुणी तीनदा तांबडं येईपर्यंत थांबून काळ्यावर लावायचा, कुणी हरला की एकेकच वाढवायचा, कुणी आदल्या दिवशीचे रंग गाठी मारून ध्यानात ठेवायचा. हळू खेळणारा हळू बुडायचा, एवढाच काय तो फरक. मेंढपाळ आपल्या हाताने चाक फिरवायचा आणि बघायचा, की तांबड्यामागून तांबडं येताना चाक जरादेखील अडखळत नाही. आधी काय आलं, त्याला ठाऊकच नसतं.

अशी सहा वर्षं गेली आणि एका सकाळी खिंडीत त्याची बायको आली. केस पिकले होते. मागे दोरीला सहा मेंढ्या होत्या. पोटाला चिमटा काढून जमवलेल्या.

“मी लई इचार केला, धनी,” ती म्हणाली. “तुमची रीत चुकीची नव्हती. मेंढ्या कमी पडल्या, आन तुमी येळेवर थांबला न्हाईत. मी थांबंन. नुसत्या मेंढ्या दिऊन वरीस सुटत न्हाई, डाव जिकूनच सोडवावं लागतं. तुमचं एक वरीस सोडवलं की उठंन.”

चाकापुढे पंधरा वर्षं लावताना तो इतका भ्याला नव्हता. त्याने तिचे पाय धरले. सहा वर्षं हे चाक मीच फिरवतोय, याच्यात काही नाही, या मेंढ्या घेऊन जा, त्यांच्यावर जग, मला विसर, असं काय काय तो बोलत राहिला. मालक आपल्या नवऱ्याकडून हे वदवून घेतोय, असंच तिला वाटलं.

“ऐका बाई, तो खरं सांगतोय,” चाकवाला म्हणाला. “मी कुणाला बोलावत नाही, कुणाला अडवतही नाही.”

तिने एक मेंढी काळ्यावर लावली.

मेंढपाळाने चाक फिरवलं, कारण ते फिरवणं त्याच्यावर बंधनकारक होतं. ज्या तांबड्याने त्याचं सगळं नेलं, त्याच तांबड्याला तो आज मनोमन हात जोडत होता. एकदाच ये, आत्ता ये, हिला पहिल्याच डावाला हरव, म्हणजे ही घरी जाईल.

काळं आलं.

सहा वर्षांत पहिल्यांदा ती हसली. “बघितलंत?” असं म्हणून तिने दुसऱ्या मेंढीची दोरी सोडली. मेंढपाळाने डोळे मिटून घेतले, कारण पुढचं सगळं त्याला दिसत होतं.

त्या खिंडीतून जाणारे वाटसरू सांगायचे की आता ते चाक एक म्हातारा आणि एक म्हातारी मिळून फिरवतात, आणि फिरवताना दोघं एकमेकांकडे बघत नाहीत.

तात्पर्य: बुडवणारा डाव कुठल्याही रीतीने खेळला तरी बुडवतोच; त्यातून वाचायची रीत एकच, तो न खेळणं.