फरशीची शेजारीण

न्हाणीघरातल्या वस्तू एकमेकींशी भांडत, त्या काळची गोष्ट. एका पांढऱ्या फरशीला शेजारची सिमेंटची सांध डोळ्यांत खुपे. "काळी मेली! हिच्यापायी माझी शोभा जाते."

दात घासायचा जुना ब्रश म्हणाला, "सोडा लावून घासतो. उजळेल हळूहळू."

"तोवर वाट कोण बघतो!" फरशीने अ‍ॅसिडच्या बाटलीला हाक मारली. अ‍ॅसिडने फसफसत मळ खाल्ला आणि मळाबरोबर सांधही खाल्ली. फरशी एकटीच झळकू लागली.

मग आंघोळीचं पाणी फटीतून तिच्याखाली शिरलं. घरच्या प्रमिलाबाईंचा पाय पडताच ती डगमगली. गवंड्याने तिला उचकटलं, खरवडलं आणि नवी सांध भरून पुन्हा बसवलं.

पुढच्या रविवारी ब्रश आला. फरशी ठसक्यात म्हणाली, "आधी हिला घास. माझं काय, ओल्या फडक्यावरही भागतं."