मेथी निवडली, चाळीस मिनिटं

“मग नियम चुकला, का मी चुकलो?”

प्रभाकर देशिंगकरांनी हे दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा शेवंताक्कांनी ऐकू न आल्यासारखं केलं होतं.

“खाली बस की,” अक्का म्हणाल्या. “उभ्यानं काय बोलतोस.”

देशिंगकर बसले. साठी ओलांडलेले गुडघे कुरकुरले. त्यांनी खिशातून मंडळाचा फोन काढला. जुना, बटणांचा, मागचं झाकण पडू नये म्हणून रबरबँड लावलेला. तो त्यांनी अक्कांच्या पुढ्यात फरशीवर ठेवला.

“हा घ्या. उद्यापासून दुसऱ्या कुणाला तरी प्रमुख करा. मला हे काम जमलं नाही.”

अक्कांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या परातीत मेथीची जुडी सोडत होत्या.

तासगावातलं हे ‘शेजार’ मंडळ अक्कांनी बावीस वर्षांपूर्वी याच स्वयंपाकघरात सुरू केलं होतं. ज्यांच्या घरात मनाचा आजार मुक्कामाला आलाय, कुणाला भास होतात, कुणी महिनोन्‌महिने अंथरूण सोडत नाही, त्या घरातल्या माणसांसाठी. अक्का सरकारी दवाखान्यात आया होत्या. शिक्षण सातवी. धाकट्या भावाचा आजार त्यांनी तीस वर्षं सांभाळला, आणि जे काही शिकल्या ते तिथंच शिकल्या. मंडळात पगार कुणालाच नाही. रोज दुपारी दोन ते सहा एकेका कार्यकर्त्याकडे फोनची पाळी असते. घरात काही बिनसलं की लोक फोन लावतात.

देशिंगकर इथं आले ते बायकोच्या आजारपणामुळे. याच फरशीवर बसून एकदा ते ढसाढसा रडले होते. नलिनीताई पुढे सावरल्या. त्या औषधांनी सावरल्या, अक्कांच्या येण्याजाण्यानं सावरल्या. पण देशिंगकरांना मनातून वाटायचं की आपल्या शिस्तीनं सावरल्या. वीज कंपनीत त्यांनी तीस वर्षं माणसांना प्रशिक्षण दिलं होतं. नलिनीताई म्हणायच्या, “तुम्ही ऐकत असता तेव्हासुद्धा उत्तर तयार करत असता.” हे वाक्यही त्यांनी नीट ऐकलं नव्हतं.

गेल्या चैत्रात अक्कांना कमी ऐकू यायला लागलं आणि त्यांनी आपली पाळी सोडली. मंडळाची जबाबदारी देशिंगकरांवर आली. त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर अक्कांची फोनची वही मागून घेतली.

वही वाचून ते हबकलेच.

“दुपारी तीन ते पावणेचार. कुणी बोललं नाही. शेंगा फोडल्या.”

“सव्वातीन ते पावणेपाच. कुणी बोललं नाही. तांदूळ निवडले. पलीकडं एकदा खोकला.”

“मेथी निवडली. चाळीस मिनिटं.”

अशी पानंच्या पानं. अक्का फोन उचलायच्या, ‘हां’ म्हणायच्या, पलीकडून कुणी बोललं नाही तर फोन चालूच ठेवून जवळ जमिनीवर ठेवायच्या आणि आपलं काम करत बसायच्या. फोन तोडायच्या नाहीत. तोडायचा तर पलीकडच्यानं.

देशिंगकरांनी ही पानं मासिक बैठकीत वाचून दाखवली. वाईट हेतू नव्हता. पण वाचताना आवाजात थोडी गंमत आली, आणि सगळे हसले. अक्काही हसल्या. मग देशिंगकरांनी नवी वही काढली. नाव, गाव, अडचणीचं स्वरूप, दिलेला सल्ला, वेळ. प्रत्येकाला स्वतंत्र रकाना. आणि मंडळाच्या खोलीत भिंतीवर नियम लावला. समोरचा बोलत नसेल तर तीनदा स्पष्टपणे म्हणायचं, ‘बोला. आपलं नाव सांगा. काय त्रास आहे ते सांगा.’ मग साठ आकडे मोजायचे आणि फोन बंद करायचा. दुसरा गरजू माणूस खोळंबता कामा नये.

नियम वाचायला चांगला होता. बाहेरगावच्या दोन संस्थांनी तो मागून नेला.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी एकाच नंबरवरून अकरा फोन आले. पाळीवरच्या बाईंनी अकराही वेळा नियम पाळला. तीनदा ‘बोला’, साठ आकडे, बंद. वहीत अकरा ओळी सुबक अक्षरात लिहिल्या. संध्याकाळी देशिंगकरांनी त्या पानाखाली लाल शाईनं ‘उत्तम’ लिहून सही केली.

तो नंबर विमल सुतारांच्या घरचा होता. काल त्या स्वतः मंडळात आल्या.

त्यांचा ओंकार सव्वीस वर्षांचा. चार वर्षांपूर्वी आजारी पडला. त्याला आवाज ऐकू येतात. त्या मंगळवारी तो अनवाणी घराबाहेर पडला, तो अठरा दिवसांनी जतच्या पुढे एका देवळाच्या धर्मशाळेत सापडला. पायांची सालटी निघाली होती. आता घरी आहे. भिंतीकडे तोंड करून बसतो. एक अक्षर बोलत नाही.

“त्या दिवशी तुम्ही अकरा वेळा फोन लावलात,” देशिंगकर त्यांना म्हणाले होते. “पण बोलला असतात तर…”

“मी कुठं लावत होते, साहेब,” विमलबाई म्हणाल्या. “त्यो लावायचा. तीन वर्षं लावत होता. त्याच्या डोक्यातले आवाज सारखं हुकूम सोडत्यात. हे कर, ते सांग, बोल म्हणत्यात. तुमच्या फोनात एक बाई भाजी निवडायची. भांडी वाजायची. त्याला कायबी विचारायची न्हाई. त्यो कानाला लावून बसायचा आणि मग जेवायचा. पुढं कधीतरी ती बाई गेली. तरी अधनंमधनं लावून बघायचा. त्या मंगळवारी लई बिथरला होता. लावला की पलीकडनं म्हणायचे, बोला, नाव सांगा. परत लावायचा, परत तेच. शेवटी फोन ठेवला आणि मला म्हणाला, आई, तिथंबी तेच येऊन बसल्यात.”

देशिंगकर माफी मागायला उठून उभे राहिले होते. विमलबाईंनी हात वर केला.

“ऱ्हाऊ द्या. तुमचं बोलणं नको आता.”

हे सगळं देशिंगकरांनी आज अक्कांना सांगितलं होतं. उभ्यानंच, एका दमात. शेवटी तो प्रश्न विचारला होता, आणि अजून त्याचं उत्तर मिळालं नव्हतं.

“तुम्हाला ठाऊक होतं का, अक्का? फोनवर तो असायचा हे?”

“न्हाई.”

“मग तासतासभर फोन चालू कशाला ठेवायचात?”

“पलीकडं कुणीतरी श्वास घेत होतं.”

देशिंगकरांना लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली थोडा रागही होता. तो त्यांनी बाहेर काढला.

“मी वही वाचून दाखवली तेव्हा तुम्हीसुद्धा हसलात.”

“हसले.”

“तेव्हाच थांबवलं का नाही मला? एक शब्द बोलला असतात तर मी ऐकलं असतं.”

ऐकलं असतं का? ते त्यांनाच ठाऊक नव्हतं.

अक्कांचे हात थांबले.

“तू शिकलेला,” त्या म्हणाल्या. “चार माणसांत ते वाचलंस, तवा मलाच वाटलं, काय हे आपलं अडाण्यासारखं. तांदूळ निवडले म्हणून लिहून ठेवायचं. लाज वाटली मला. म्हणून हसले. तिथं बोलाय पायजे होतं मी. न्हाई बोलले. ते माझ्याकडं लागतं, प्रभाकर. तुझ्याकडं न्हाई.”

देशिंगकर अक्कांना माफ करणारे कोण. पण क्षणभर दोघं एकाच बाकावरच्या नापास पोरांसारखे बसून राहिले. खाली गल्लीत कुणीतरी हातगाडीवाल्याशी लिंबांवरून हुज्जत घालत होतं.

“लाव फोन,” अक्का म्हणाल्या.

“कुणाला?”

“विमलच्या घरी.”

देशिंगकर दचकले. मग त्यांचा हात आपसूक सदऱ्याच्या खिशात गेला. रात्री झोप आली नव्हती, तेव्हा त्यांनी एका कागदावर माफी लिहून काढली होती. तीन मुद्दे होते. आधी चुकीची कबुली, मग नियमात काय बदल केला ते, मग मंडळ ओंकारसाठी काय काय करू शकतं ते. त्यांनी घडी उलगडली आणि चष्मा चढवला.

अक्कांनी हात पुढे केला. देशिंगकरांना वाटलं, वाचायला मागताहेत. त्यांनी कागद दिला.

अक्कांनी तो परातीशेजारी पसरला, तळहातानं सपाट केला आणि त्यावर मेथीची जून देठं टाकायला सुरुवात केली.

“मग बोलू काय मी?” देशिंगकरांनी विचारलं.

अक्कांनी जुडीतली अर्धी मेथी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली.

देशिंगकरांनी नंबर लावला. आवाज मोठा करायचं बटण दाबलं. पाच वेळा वाजलं. सहाव्याला कुणीतरी उचललं.

“कोण?” विमलबाईंचा आवाज.

देशिंगकरांचं तोंड उघडलं. ‘मी मंडळातून’ एवढं ओठांवर आलंही होतं. अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि परात फरशीवरून सर्रकन आपल्याकडे ओढली. पितळेची जुनी परात, तळाला एक पोचा आलेली. ती ओढली की एक लांबलचक आवाज करायची.

पलीकडे सगळं शांत झालं.

मग फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला, लाकडावर असावा. पावलं लांब गेली. आणि मग काहीच नाही.

देशिंगकर मेथी निवडू लागले. आयुष्यात त्यांनी कधी भाजी निवडली नव्हती. पानं देठात जात होती, देठं पानात. अक्का त्यांची देठं वेचून कागदावर टाकत होत्या. ‘मी माझी चूक मान्य करतो’ ही ओळ आता दिसेनाशी झाली होती.

पहिली दहा मिनिटं देशिंगकर मनातल्या मनात बोलतच होते. विमलबाईंना समजावत होते, ओंकारला समजावत होते, अक्कांना, नलिनीला. एकेक वाक्य जुळवत होते आणि घशातच ठेवत होते. मग वाक्यं संपली. तीस वर्षांत पहिल्यांदाच संपली असतील.

काडी मोडल्याचा आवाज. पान खुडल्याचा आवाज. अक्का स्वतःशीच पुटपुटल्या, “माती किती गं बाई ही.” उठून भांड्यात पाणी ओतलं, परत येऊन बसल्या.

फोनमधून एकदा काहीतरी सरकल्याचा आवाज आला. खुर्ची असेल. माणूसही असेल. देशिंगकरांचा हात थांबला. अक्कांनी बोटानंच खूण केली, चालू दे.

ते निवडत राहिले. कधीतरी त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हात मातीनं भरलेले होते, म्हणून पुसता आलं नाही. अठरा दिवस अनवाणी चालणारे पाय त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. त्या पानाखालची आपली सहीही हलत नव्हती.

फोन बंद झाला. पलीकडून कुणीतरी तोडला होता. छोट्या पडद्यावर आकडा दिसत होता, अठ्ठावीस मिनिटं.

देशिंगकरांनी पिशवीतून नवी वही काढली. सवयीनं पेन उघडलं. नाव, गाव, अडचणीचं स्वरूप, दिलेला सल्ला… पेन रकान्यांवरून फिरत राहिलं आणि कुठंच टेकलं नाही. त्यांनी वही मिटली.

“तो होता का, अक्का?” त्यांनी विचारलं. “का विमलबाई नुसताच फोन ठेवून निघून गेल्या?”

अक्कांनी देठांसकट कागदाची पुरचुंडी केली.

“परत कधी लावेल का तो?”

अक्का गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. निवडलेली मेथी उचलून मोरीकडे निघाल्या. फरशीवर पडलेला फोन त्यांनी पायाच्या अंगठ्यानं देशिंगकरांकडे हलकेच सरकवला.

“उद्या येताना गवार आण,” त्या म्हणाल्या. “तिला जास्त वेळ लागतो.”