नऊ टिळ्यांची घंटा

एकदा एका नदीकाठी एक ओतशाळा होती. नऊ कारागीर तिथे काशाच्या घंटा ओतत. ज्या वृद्धाने ही शाळा उभारली, तो आता भट्टीपासून दूर आपल्या पर्णकुटीत राहत असे. सगळे त्याला आबा म्हणत.

शाळेची एक रीत होती. घंटा तयार झाली की ती तुळईला टांगायची, लाकडी मोगरीने तीनदा वाजवायची आणि नाद शुद्ध वाटला की प्रत्येकाने तिच्यावर गंधाचा एक टिळा लावायचा. मान वयाचा. पहिला टिळा मुख्य कारागीर मानाजी मिस्त्रीचा, मग उरलेल्या आठांचे क्रमाने. नऊ टिळे लागले की घंटा बाहेर. आपल्याकडे आज टिळ्याच्या जागी सही असते, एवढाच काय तो फरक.

त्या वर्षी खालच्या अंगाच्या एका गावाने पुराची घंटा मागवली होती. नदी चढू लागली की पहारेकरी ती वाजवणार आणि लोक टेकडीवर जाणार. गावाची जुनी घंटा गेल्या पावसाळ्यात ऐन वेळी तडकली होती, आवाज खालच्या आळीपर्यंत पोहोचलाच नाही, आणि गुरे दावणीसकट वाहून गेली. त्याच खालच्या आळीत केरबाची धाकटी बहीण चंद्रा दिलेली होती. केरबा म्हणजे या नऊ जणांतला सातवा कारागीर.

घंटा टांगली. मानाजीने मोगरी मारली. नाद भरदार उठला, लांबला, आणि विरता विरता त्याच्या शेपटाशी एक बारीकशी खरखर केरबाच्या कानाला लागली. खरखर म्हणजे धातूत कुठेतरी पोकळी. अशी घंटा आज वाजेल, उद्या वाजेल, आणि नको त्या दिवशी तडकेल.

त्याने मानाजीकडे पाहिले. मानाजीने शांतपणे टिळा लावला. मागोमाग दुसऱ्याने, तिसऱ्याने. सहावा टिळा लागला तेव्हा केरबाला स्वतःच्याच कानांचा भरवसा वाटेना. दोन वर्षांपूर्वी त्याने अशीच एक शंका काढली होती आणि ती घंटा निर्दोष निघाली होती. तेव्हापासून ‘केरबाच्या कानांना तेल हवं’ ही थट्टा जेवणाच्या पंगतीत अजून चालत असे. सहा जाणत्या माणसांना जे ऐकू आले नाही, ते मलाच कसे आले? त्याने गंधात बोट बुडवले आणि सातवा टिळा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दाराशी उभी राहिली. घंटेला हार घातला. निरोपाला आबा आले.

“तपासणीला किती वेळ लागला रे?” आबांनी विचारले.

“अर्धी घटकासुद्धा नाही, आबा,” मानाजी अभिमानाने म्हणाला. “एकाचंही दुमत नाही.”

“एकाचंही नाही?” आबांचा चेहरा उतरला. त्यांनी तांब्याभर पाणी मागवले, हार काढून बाजूला ठेवला आणि सगळ्यांच्या देखत घंटेवरचे नऊही टिळे खळखळून धुऊन टाकले.

निघालेल्या घंटेचा टिळा पुसणे म्हणजे अपशकुनच! गाडीवान तर चार पावले मागे सरला.

आबांनी घंटा पुन्हा तुळईला टांगायला लावली. शेजारी तोंडाला फडके बांधून चिंचोका जाईल एवढेच भोक ठेवलेला एक घडा ठेवला. प्रत्येकाच्या हातात एक तांदळाचा दाणा आणि एक चिंचोका दिला. “एकेकट्याने आत जायचं. दार लावून घ्यायचं. घंटा वाजवायची, ऐकायची. शुद्ध वाटली तर घड्यात दाणा टाका, शंका आली तर चिंचोका. उरलेलं खिशात ठेवा आणि कोणाशी बोलू नका.”

केरबाची पाळी आली. दार लागले. आत तो होता आणि घंटा होती. त्याने मोगरी मारली आणि डोळे मिटले. खरखर होतीच. त्याला चंद्राची आळी आठवली, तिचे अंगण आठवले. त्याने चिंचोका टाकला. आता घड्यातून एकच चिंचोका निघणार आणि तो कोणाचा हे सांगायलाही नको, असे मनाशी म्हणत तो बाहेर आला. पण त्याला हलके वाटत होते.

सगळ्यांचे झाल्यावर आबांनी घडा सुपात उपडा केला. आठ चिंचोके आणि एक दाणा.

मग मानाजी खाली पाहत म्हणाला, “आबा, मलाही काल खरखर लागली होती. पण म्हटलं, माझे कान आता म्हातारे झाले. चूक असेल तर मागचे आठ सांगतीलच.”

“आणि आम्ही म्हटलं, तुम्हाला कळलं नसतं का!” केरबाच्या तोंडून निघून गेले.

आबा हसले. “मानाजीने आठांच्या भरवशावर टिळा लावला आणि आठांनी मानाजीच्या. खोटं बोलायचं कोणाच्याच मनात नव्हतं. तुम्ही एकमेकांचे चेहरे ऐकत राहिलात, घंटा तेवढी ऐकायची राहिली. बाळांनो, नऊ जण एका क्षणात एकमताचे होतात, तेव्हा बहुधा एकानेच विचार केलेला असतो. कधी कधी त्यानेही नाही.”

“मग तो एक दाणा कोणाचा?” कोणीतरी विचारले.

“ते विचारायचं नाही,” आबा ठामपणे म्हणाले. “त्याला खरोखर ऐकू आलं नसेल. आठांसमोर तसं म्हणायचीही त्याला मुभा हवी. आज त्याची थट्टा केलीत, तर उद्या पुन्हा नऊ टिळे अर्ध्या घटकेत लागतील.”

घंटा फोडली. काठापासून चार बोटांवर हरभऱ्याएवढी पोकळी सापडली. मानाजीने ती सगळ्यांना दाखवली आणि स्वतः भट्टी पेटवायला बसला. त्या दिवसापासून तपासणी एकेकट्याने होऊ लागली आणि मानाजीने आपला टिळा शेवटचा करून घेतला. जेवणाच्या पंगतीतली कानांची थट्टाही हळूहळू बंद पडली.

नवी घंटा पावसाआधी गावी पोहोचली. भाद्रपदात नदी चढली, घंटा खणखणत राहिली, आणि खालची आळी गुरावासरांसह टेकडीवर गेली. पुढे केरबा बहिणीला भेटायला गेला, तेव्हा चंद्रा त्याला घंटेपाशी घेऊन गेली.

“दादा, नऊ टिळ्यांच्या शेजारी ही एक कोरी जागा आखून ठेवलीय. ती कशाला?”

“ती तुमची,” केरबा म्हणाला. “आम्हा नऊ जणांना जे ऐकू आलं नाही, ते तुला आलं, तर बेधडक सांगायला ये.”

चंद्राने मोगरी उचलली, घंटा वाजवली आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिली. ती काय म्हणते याची वाट पाहत केरबा उभा राहिला.