गेनबाने आत्याचे बोर्ड लावले

एका गावात गेनबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. वय चाळीस, अंगात ताकद बैलाची, आणि सांगितलेलं काम कधी टाळायचा नाही. सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा.

त्या वर्षी त्याची कौसाआत्या ग्रामपंचायतीला उभी राहिली. खालच्या आळीत पंधरा वर्षं नळ आला नव्हता. समोर रंगराव डुंबरे. ते तीनदा निवडून आले होते आणि नळ तिन्ही वेळा त्यांच्याच दारापर्यंत येऊन थांबला होता. या खेपेला सगळी आळी आत्याच्या मागे होती.

रंगरावांनी सडकेच्या दोन्ही कडा बोर्डांनी भरून टाकल्या. परवानगी कुणी मागितली नव्हती, कुणी दिली नव्हती. मग आत्यानेही वीस बोर्ड करून आणले. हात जोडलेली आत्या आणि खाली कपबशी. ते तिने गेनबाकडे दिले आणि गाडीवाले हमखास बघतात अशी जागा धरून लाव म्हणाली.

गेनबा सडकेवर जाऊन बसला. गाडीवाले कुठं बघतात ते त्याने नीट पाहिलं. फाट्याजवळ एक पिवळी पाटी होती, 'पुढे धोक्याचे वळण आहे'. तिच्याकडे सगळेच बघत होते. गेनबाने त्या पाटीवर आत्याला चढवलं.

तासाभरात दुधाचा टेम्पो आला. ड्रायव्हरने आत्याचे जोडलेले हात पाहिले आणि तो सरळ रंगरावांच्या कांद्यात गेला. माणसाला लागलं नाही. कांद्याला लागलं.

आत्याने कपाळावर हात मारला. म्हणाली, दुसऱ्याच्या वस्तूला बोर्ड बांधायचा तर आधी मालकाला विचारावं.

हे गेनबाला पटलं. दुसऱ्या दिवशी सडकेच्या कडेला ठकूबाईची म्हैस उभी होती. चांगली रुंद, काळीभोर. वर पांढरा बोर्ड उठून दिसला असता. ठकूबाई पलीकडे गवत कापत होती.

"ठकूबाई, म्हशीला बांधू का?"

"बांध की," ठकूबाई मान वर न करता म्हणाली. "पण घट्ट बांध. ओढाळ आहे."

गेनबाने घट्ट बांधला. म्हैस आधी डबक्यात जाऊन बसली. आत्या नाकापर्यंत चिखलात गेली. मग म्हैस उठली आणि रंगरावांच्या सभेत शिरली. तिथे तिने दोन खुर्च्या मोडल्या आणि एक हार खाल्ला.

आत्याने बोर्ड धुऊन काढला. म्हणाली, चालतंफिरतं काही नको रे बाबा. जे जागचं हलत नाही त्यालाच बांध, आणि हलत नाही ना, ते आधी बघून घे.

गेनबाने तेही ऐकलं. तिसऱ्या दिवशी मिसळीच्या हॉटेलासमोर एक जीप उभी दिसली. गेनबा तिच्यासमोर अर्धा तास टक लावून बसला. जीप तसूभरही हलली नाही. मालक कोण ते विचारायला तो हॉटेलात गेला, तर गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, सरकारची आहे, म्हणजे तुझी-माझीच. गेनबाने स्वतःला विचारलं, हो म्हणाला, आणि मागच्या बाजूला तारेने तीन गाठी मारून बोर्ड बांधला.

जीप निवडणुकीच्या भरारी पथकाची होती. बेकायदा बोर्ड शोधायला निघाली होती. चार गावं शोधत फिरली. जाईल तिथे लोक टाळ्या वाजवायचे, आणि साहेब खिडकीतून हात हलवायचे.

पाचव्या गावात साहेब खाली उतरले.

संध्याकाळी जीप आत्याच्या दारात आली. साहेबांनी नोटीस दिली. सडकेवरचे दोघांचेही बोर्ड उतरवा, आणि या बाईंचा आणखी एक दिसला तर थेट गुन्हा. आत्याने सगळे बोर्ड स्वतःच्या हाताने उतरवले. मग तिने गेनबाला समोर बसवलं. ती रागावली नाही. आवाज मात्र थकलेला होता.

"गेनबा, निकाल लागेपर्यंत माझ्या नावाला हात लावायचा नाही. तू नाही, आणि आपल्या आळीतल्या कुणीच नाही. कळलं?"

"कळलं, आत्या."

आत्याला त्या दिवशी शांत झोप लागली.

मतदानाच्या सकाळी गेनबा लवकर उठला. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत दार वाजवत गेला. यंत्रावर आत्याचं नाव दिसेल, तिथे कुणी बोट लावायचं नाही, असं आत्याने बजावलंय म्हणून सांगितलं. लोक चक्रावले. पण सांगणारा सख्खा भाचा. शिवाय त्याला खोटं बोलता येत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक. रंगरावांशी काहीतरी ठरलं असेल, नळाचा शब्द घेतला असेल, असं लोक आपसांत बोलले आणि मतदानाला गेले. आपली अख्खी आळी रांगेत बघून आत्याचे डोळे भरून आले.

निकाल लागला. रंगरावांना चारशे अकरा मतं. कौसाबाईंना एक.

आत्या घरी येऊन उंबऱ्यावर बसली. गेनबा पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि तिच्या पायाशी बसला. त्यालाही वाईट वाटलं होतं. एवढी दारं वाजवूनही एक जण चुकलाच होता.

"आत्या, तू जिवाला लावून घेऊ नको," तो म्हणाला. "ज्याने हात लावला ना, त्याला मी शोधून काढतो."